हीर लावून वाचलेली चित्रं

त्या शनिवारी दुपारी आम्ही मांडवाजवळ बसून मोबाईलवर चित्रकथेचा जुनाच भाग वाचला. जुना अशासाठी, की नवा आलेला नाही असं मी बायकोला सांगितलं होतं. आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं ते शेवटचं वाचन. त्यात विशेष काही नव्हतं. थंडीचे दिवस. समोर बांबूच्या मांडवावर सुकेळी, म्हणजे सोललेली पिकी केळी, वाळत घातलेली, त्यांना चौथं ऊन. ती बाकड्यावर पाय खाली सोडून बसलेली, हातात कावळे हाकायची काठी, काठीला फडकं. मी शेजारी, उजवा हात धुऊन पुसून, कारण केळ्याचा चीक लागलेल्या बोटाचं तो मोबाईल ऐकत नाही.

"आलं का नवं?" तिने विचारलं.

"नाही."

"काल शुक्रवार होता ना?"

"होता. नाही आलं. ते लोक काय आपले नोकर आहेत?"

"मग जुनं वाचा. ती म्हातारी वाटेवरच्या लोकांना पाणी पाजते तो. आणि वगळू नका."

"मी कधी वगळतो?"

"जोडाक्षर आलं की वगळता. डोळे गेलेत माझे, कान नाही गेले."

मी वाचलं. मध्येच कावळा आला, तिने काठी हलवली, फडकं माझ्या कपाळाला लागलं. ती हसली. मी शिवी दिली. भाग संपला. मग ती केळी उलटायला उठली आणि मी मोबाईल खिशात घातला. बस्स, एवढंच.

आम्ही विरारजवळच्या नंदाखालचे. वाडीवाले. घरात आमची बोली बोलतो, पण ती इथे लिहिली तर आगाशीच्या पलीकडे कोणाला कळायची नाही, म्हणून आमचं बोलणं शाळेच्या मराठीत लिहितोय. त्यात तिच्या जिभेची निम्मी धार गेली, पण इलाज नाही. मी चौथी शिकलो. चौथीत दोनदा बसलो, म्हणजे पाच वर्षं म्हणा. ती सातवी. लग्नापासून घरातलं वाचणं तिच्याकडे होतं. वीजबिल, चर्चचं पत्रक, लेकीचं प्रगतिपुस्तक, औषधाच्या बाटलीवरचं, सगळं ती वाचायची आणि मी मान हलवायचो. मग साखरेने तिचे डोळे खाल्ले. ऑपरेशन झालं, दुसरंही झालं, पण बारीक अक्षर दिसेना ते दिसेनाच. माणूस दिसायचा, केळ पिकलंय की डागाळलंय ते दिसायचं, अक्षर नाही. तेव्हा पहिल्यांदा घरात वाचणारा मी उरलो. कसला वाचणारा! चौथीचा, तोही गंजलेला.

मोबाईल लेकीने दिला. ती वसईला असते. आणि त्यात चित्रं घालून दिली नातीने. नात कॉलेजात जाते, तिला सारखं वाटतं की म्हाताऱ्यांचा वेळ जात नाही. आमचा वेळ जात होता. केळी होती, मोगरा होता, जपमाळ होती. पण तिला सांगून उपयोग नाही.

"आजोबा, यात फुगे असतात. फुग्यात दोन-चार शब्द. तुम्ही सहज वाचाल. आजीला वाचून दाखवा."

पहिलं चित्र तिने उघडून दिलं ते मी पाहिलं आणि मला किळस आली. खोटं कशाला सांगू. एक लठ्ठ बाई, हातात लाटणं, एक काडीसारखा नवरा पलंगाखाली लपलेला. फुग्यात लिहिलेलं, नवरा म्हणतो, मी वाघ आहे. खाली हसऱ्या तोंडांची रांग. माणसं पोटाला भाकरी खातात आणि हे काढतात. शिकली-सवरलेली माणसं! मी तसंच तिला सांगितलं. ती म्हणाली, "कसं काढलंय ते तरी सांगा." मी सांगितलं. लाटणं कसं धरलंय ते तिने विचारलं. मी म्हटलं, एका टोकाला, सोट्यासारखं. ती म्हणाली, "याने बायको पाहिलेली नाही. लाटणं मधे धरतात, टोकाला धरलं तर मारणाऱ्याचंच मनगट लचकतं."

मी म्हटलं, "तुला बरं माहीत!"

"मधे धरलेलं तुम्हाला एकदा लागलंय. विसरलात?"

त्यानंतर आम्ही असली बरीच बघितली. म्हणजे मी बघितली, तिने ऐकली. सासू, सून, पोट सुटलेला साहेब, दारू प्यालेला शेजारी. शंभरातली नव्वद उकिरडा. आणि प्रत्येक दोन चित्रांमध्ये जाहिरात. केस गळती, गुडघेदुखी, पत्त्यांचा जुगार, आणि अर्ध्या कपड्यातली एक बाई, तीही नेमकी चर्चची बाराची घंटा होत असताना. मी एका हाताने क्रूस करतोय आणि दुसऱ्या हातात ही बया कंबर हलवतेय. कशी बंद करायची तेही कळेना, तो बारीक फुलीचा ठिपका माझ्या बोटाला सापडेना. ती विचारते, काय झालं, गप्प का? मी म्हणालो, तेलाची जाहिरात आहे.

वाचायचं कसं, हीही अडचणच होती. मी शाळेत बोट ठेवून वाचायला शिकलो. मास्तर म्हणायचे, बोट सोडलं तर अक्षर पळतं. इथे उलटं. बोट ठेवलं की सगळं पानच वर पळतं. अर्धा शब्द वाचून होतो न होतो तोच म्हातारीच्या जागी जाहिरातवाली बाई! पंधरा दिवस मी त्या मोबाईलला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. शेवटी तिनेच उपाय काढला. नारळाच्या झावळीची हीर असते ना, खराटा करतो त्याची काडी, ती खराट्यातून एक ओढून माझ्या हातात दिली. "बोटाला ओळखतो ना तो? मग काडीला नाही ओळखणार." आणि खरंच, हीर अक्षराखाली ठेवली तर पान जागचं हलत नाही. एका हातात मोबाईल, एका हातात हीर, भाग खाली सरकवायचा झाला की हीर दातात धरायची. नातीने पाहिलं तेव्हा ती हसून हसून लाल झाली. म्हणाली, असं जगात कोणी वाचत नसेल. नसेल. मी वाचायचो. सत्तरी उलटल्यावर मी खरं वाचायला शिकलो तो असा, फुग्यातले दोन-चार शब्द, खराट्याच्या काडीने.

उकिरड्यात तीन सापडली. तेवढ्या तिन्हींबद्दलच चांगलं लिहीन.

एक कावळ्याचं. तीन चौकटींचं असायचं. कावळा एका इमारतीच्या सोसायटीचा सेक्रेटरी आणि रोज नोटीस लावतो. गच्चीवर पापड वाळत घालू नयेत, घातल्यास वेळ आधी कळवावी. कबुतरांनी जिन्यात बसून विवाह ठरवू नयेत. असलं. आम्ही दिवसभर सुकेळी राखत बसणारी माणसं, कावळ्याशी आमचं जन्माचं वैर. पण या कावळ्यावर तिचा जीव होता. मांडवावर खरा कावळा बसला की ती काठी उगारायच्या आधी विचारायची, "सेक्रेटरीसाहेब, ठराव पास झाला का?" आणि मग हाणायची.

दुसऱ्यात शब्दच नव्हते. एक माणूस, एक कुत्रं, एक बसस्टॉप. फुगा नाही, अक्षर नाही. मला वाटलं ही फसवणूक आहे, काम न करता पैसे घेतल्यासारखी. पण त्यात तिला माझी गरज नव्हती. मोबाईल नाकाला लावून ती स्वतः बघायची, रंगाचे डाग दिसायचे तेवढ्यावर. त्यामुळे भांडणं. शेवटच्या चित्रात बस गेलेली आणि कुत्रं एकटं. मी म्हटलं, माणूस सोडून गेला. ती म्हणाली, कुत्रं चढलं नाही. "त्याचा स्टॉप तो नव्हता." दोन दिवस आम्ही यावर एकमेकांशी नीट बोललो नाही. चहा आपटून ठेवला तिने. अजूनही मी म्हणतो माणूस सोडून गेला.

तिसरं विहिरीचं. त्याबद्दलच लिहायला बसलोय.

ती मोठी गोष्ट होती, भागाभागाने येणारी. कुठल्यातरी गावात एक म्हातारी. अंगणात विहीर. चारी बाजूंना इमारती उठलेल्या. बिल्डर म्हणतो विहीर बुजव, सून-मुलगा म्हणतात बुजव, म्हातारी म्हणते नाही. एवढीच गोष्ट. पण प्रत्येक भागात कोणीतरी पाणी प्यायला येतं, आणि येणारा आपलं काहीतरी सांगून जातो. आम्ही गाठलं तेव्हा बरेच भाग येऊन पडलेले होते. ते आम्ही रोज एक वाचले. एकच. हा तिचा नियम. सुकेळ्याला एका दिवसात सात दिवसांचं ऊन देता येत नाही, म्हणायची, दिलं तर वरून काळं आणि आत कच्चं. दिवसा ऊन, संध्याकाळी टोपलीत भरून केळीच्या वाळक्या पानात झाकायचं, आतल्या आत घाम सुटू द्यायचा, सकाळी परत मांडवावर. गोडी त्या झाकण्यात येते. "गोष्टही तशीच झाकून ठेवायची," म्हणायची. आणि दुसरा नियम, एकट्याने पुढचं बघायचं नाही. जो बघेल तो चोर.

मग आम्ही त्या चित्रकाराच्या ताज्या भागापर्यंत पोचलो आणि नव्यासाठी शुक्रवारची वाट बघायची, अशी वेळ आली. शुक्रवारी सकाळी मोबाईल टिंग करायचा. मासळी आठवडाभर मिळाली नाही तरी चालेल, पण शुक्रवार चुकता कामा नये.

आता ही गोष्ट तिला एवढी का लागली, ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तिने तोंडाने कधी सांगितलं नाही. मीही नाही.

आमच्या वाडीत बावखल होतं. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, विहिरीपेक्षा मोठं, तलावापेक्षा लहान, आमच्याकडे प्रत्येक वाडीला असायचं. आमचं माझ्या आजाच्या बापाने खणलेलं. उतरायला दगडी पायऱ्या. ते मी बुजवलं. लेकीचं लग्न होतं, जावयाची गाडी दारापर्यंत यायला हवी होती, आणि बावखल नेमकं वाटेत. गाडी! नळ आलाच होता. डास होते. शेजारचे बुजवत होते. सगळी कारणं मी पाठ केली होती. ती म्हणाली, "गाडी रस्त्यावर उभी राहील. नवरामुलगा लंगडा आहे काय?" मी ऐकलं नाही. विरारला कुठेतरी जुन्या इमारती पाडत होते, तिथला राडा डंपरवाले टाकायला जागाच शोधत होते. सहा-सात डंपर आले. विटा, लाद्या, फुटके कमोड, कोणाच्यातरी घराच्या गुलाबी भिंतीचे तुकडे. पाणी वर आलं, काळं झालं, वाटेवर सांडलं. मासे पोटं वर करून चिखलात तडफडत होते. पायऱ्यांवरून बेडकं वर आली, घरापर्यंत आली. एक कासव डंपरच्या चाकाखाली गेलं, त्याचा आवाज मला अजून येतो. ती घमेलं घेऊन गुडघाभर राड्यात उतरली आणि जेवढे मासे हाताला लागले तेवढे शेजारच्या बावखलात नेऊन सोडले. बाकीचे लोकांनी नेले. त्या संध्याकाळी आळीभर मासे तळल्याचा वास होता. मी पण खाल्ले. ती जेवली नाही. लग्नात गाडी दारात आली, मागे घेताना तिचं चाक तिथेच खचलं.

नंतर कूपनलिका मारली, चार-पाच वर्षांत पाणी मचूळ झालं, मग खारं. केळी करपली. आहेत त्या केळी आता शेजाऱ्याच्या पाण्यावर. ती एक शब्द बोलली नाही. एक! बायका टोमणे मारतात ते बरं असतं. ती बाकी सगळ्यावरून मारायची, यावरून नाही.

आणि मग ही चित्रातली म्हातारी आली. प्रत्येक भाग संपला की ती म्हणायची, "ही नाही देणार बघा."

मी म्हणायचो, "बघू."

"बघू नाही. ही नाही देणार. हिचा नवरा मेलाय, हिला कोण भाग पाडणार?"

असं ती सहज बोलायची, केळं सोलता सोलता. माझी हीर अक्षरावरून घसरायची.

त्या शुक्रवारी सकाळी ती चर्चमध्ये मिस्सेला, सकाळच्या प्रार्थनेला, गेली होती. मी मांडवावर केळी मांडत होतो. टिंग झालं. वर लिहिलं होतं, अंतिम भाग. अंतिम हे मला नीट वाचता आलं, जोडाक्षर नाही त्यात. मी हात धुतला. का धुतला, ते देवाला ठाऊक. मला आधी बघायचं होतं. मी चोर झालो. बाकड्यावर बसून एकट्याने सगळा भाग वाचला, हीर न घेता, बोटानेच सरकवत.

आता ऐका त्यात काय होतं. म्हातारी मरते. विहिरीच्या काठावर बसल्या बसल्या, डोळे मिटून, ओठांवर हसू. केस वाऱ्यावर. तिच्या अंगातून निळा उजेड निघतो आणि विहिरीत उतरतो. मग बुलडोझर येतो, तोही कसला गोजिरवाणा, मुलांच्या खेळण्यातल्यासारखा पिवळा. विहीर बुजते. बुजलेल्या जागेवर रात्री चांदण्या उगवतात, मातीतून, गवतासारख्या. आणि शेवटच्या फुग्यात, फुगा कोणाचा ते दाखवलेलं नाही, लिहिलंय, पाणी कुठेच जात नाही.

मला ओकारी आली. अलंकार म्हणून नाही लिहीत, खरोखर घशाशी आलं. पाणी कुठेच जात नाही! अरे मेल्या, जातं. खारं होतं. काळं होऊन रस्त्यावर सांडतं आणि लोक त्यातून चपला हातात घेऊन चालतात. चांदण्या उगवत नाहीत, घुशी होतात, राड्यात बिळं करतात. या माणसाने आयुष्यात विहीर बुजताना पाहिलेली नाही आणि माणूस मरताना तर नाहीच नाही. आणि खाली लोकांची ही गर्दी. रडकी तोंडं, लाल बदाम, रडवलंस यार, किती सुंदर, किती सुंदर. सुंदर! विहीर बुजली त्याला सुंदर म्हणतात आणि अंगठा दाखवून पुढे जातात, पुढे लाटणंवाली बाई.

पुढे तिच्या मयतानंतर महिन्याभराने नातीने मला सांगितलं, "आजोबा, ते प्रतीक असतं."

"प्रतीक गेलं खड्ड्यात," मी म्हटलं.

"मग तुम्ही चित्रकाराला लिहा ना. खाली लिहिता येतं."

मी सांगितलं ते तिने लिहिलं. "तुम्ही विहीर बुजवताना बघितली आहे का? वास येतो." तीन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. तीन लाल बदाम, हात जोडलेले. बस्स. मी मोबाईल पालथा घातला.

पण त्या शुक्रवारी मिस्सेहून ती आली, पायरीवर चपला काढता काढताच विचारलं, "आलं का?"

आणि मी म्हटलं, "नाही."

एवढा एक शब्द. मी स्वतःला सांगितलं की ती वाईट वाटून घेईल म्हणून. खोटं. तिला वाईट वाटलं असतं, तिने त्या चित्रकाराच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या आणि जेवायला बसली असती. वाईट मला वाटणार होतं. ती विहीर बुजली असं माझ्या तोंडाने तिला वाचून दाखवायची मला हिंमत नव्हती. हातात हीर घेऊन, अक्षरावर अक्षर, बु-ज-व-ली. मला वाटलं दोन-चार दिवसांत काहीतरी सुचेल, मी माझा शेवट बनवून सांगेन, म्हातारी देत नाही, बिल्डर तोंड काळं करतो. तिला कुठे दिसतंय! असंही माझ्या मनात आलं. आंधळ्या बायकोला फसवायचा हिशेब. लिहिताना सुद्धा स्वतःची शिसारी येते.

शनिवारचं वर लिहिलंच आहे. दुपारी जुना भाग. मग केळी उलटली. दिवे लागायच्या सुमाराला आम्ही केळी मांडवावरून काढून टोपलीत भरत होतो, मी काढतोय, ती पायरीवर बसून टोपलीत रचून पानं झाकतेय. मी शेवटचं फळ घेऊन आलो तर ती खांबाला टेकलेली. मला वाटलं डुलकी लागली. मी म्हटलं, "सेक्रेटरी आले, उठा." नाही उठली. मी आत जाऊन दिवा लावला, चुलीवर पाणी ठेवलं. परत आलो. तरी तशीच.

तोंड उघडं होतं. एक डोळा अर्धा. हसू वगैरे नव्हतं. हातांना केळ्याची गोडी चिकटलेली आणि बोटांवर मुंग्या चढल्या होत्या. रांग लागली होती, पायरीच्या फटीतून थेट तिच्या करंगळीपर्यंत. मी आधी मुंग्या झाडल्या. हाक नाही मारली, ओरडलो नाही, मुंग्या झाडत बसलो. एकेक बोट पुसलं. मग शेजारणीला हाक मारली.

डॉक्टर आला, हार्ट म्हणाला. लेक आणि नात वसईहून आल्या. चर्चची घंटा झाली. बायका आल्या, तिला आंघोळ घालून लग्नानंतर चर्चला नेसायची ती साडी नेसवली, जबड्याला पट्टी बांधली म्हणून तोंड मिटलं, डोळे मिटवले. आणि मग प्रत्येकजण आत येऊन तिच्याकडे बघून म्हणतोय, किती शांत दिसते, झोपल्यासारखी, सोन्यासारखं मरण, काही भोगलं नाही. भोगलं नाही! यांना कोणी सांगितलं? पट्टी बांधलीय म्हणून शांत दिसतेय. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो आणि मला त्या चित्राखालची रडकी तोंडं दिसत होती. तीच माणसं. फक्त इथे त्यांना चहा द्यावा लागत होता.

सकाळ झाली. रविवार. दुपारी चारला नेणार होते, कारण लांबचे यायचे होते. पेटी पुढच्या खोलीत, डोक्याशी मेणबत्त्या, बायकांची जपमाळ चालू. माझी नजर पडवीतल्या टोपलीवर गेली. ती अर्धवट झाकलेली, तिने घातलेली पानं वर तशीच. मी टोपली उचलली.

लेक धावत आली. "पप्पा, काय करताय?"

"केळी घालतो उन्हात."

"आज? पप्पा, आई आत आहे. लोक काय म्हणतील?"

"पाचवं ऊन आहे. नाही घातली तर आंबतील."

"आंबू देत ना! फेकून द्या."

"तिने सोललेली आहेत," मी म्हटलं. "तू फेक."

ती रडायला लागली. मी मांडवावर गेलो आणि एकेक फळ मांडलं, एकमेकाला चिकटणार नाही असं, जसं ती मांडायची तसं. पन्नासेक वर्षं बघत होतो, त्यामुळे आलं. मग पंपाखाली हात धुतला, उजवा, साबणाने, नखांतला चीक काढून. पुसला. खराट्यातली हीर खिशात होती.

आत गेलो. बायकांना म्हटलं, "जरा थांबा." पहिल्यांदा कोणी थांबेना. मग परत म्हटलं, जरा मोठ्याने. जपमाळ थांबली. मी तिच्या डोक्याशी स्टूल ओढलं, मोबाईल काढला, अंतिम भाग उघडला. लेक म्हणाली, "पप्पा, नको." नातीने तिचा हात धरला. नातीला कळलं असावं.

मी वाचायला सुरुवात केली. वरपासून. नाव, चित्रकाराचं नाव, सगळं. हीर अक्षराखाली धरून, घाई न करता. चित्रात काय आहे तेही सांगितलं, तिला सांगायचो तसंच. इथे म्हातारी बसलीय. इथे निळा उजेड काढलाय, कशाचा ते कळत नाही. इथे बुलडोझर. मधे जाहिरात आली, तेलाचीच, ती पुढे ढकलली. जोडाक्षरं आली, त्यांना मी अडलो, परत वाचली, वगळली नाहीत. एका बाईने तोंडाला पदर लावला, रडत होती की हसत होती देव जाणे. विहिरीपाशी आलो तेव्हा मनगट गुडघ्यावर टेकवलं आणि वाचलं. बुजवली. चांदण्या सांगितल्या. शेवटचा फुगा वाचला.

मग म्हटलं, "हे शुक्रवारीच आलं होतं. मी बघितलं होतं. चोर मी. आणि हा शेवट भिकार आहे. आपलं बावखल मी बुजवलं तेव्हा असं काही झालं नव्हतं, तुला माहीत आहे."

मेणबत्ती तडतडली. मी हीर तिच्या हातातल्या जपमाळेशेजारी ठेवणार होतो, पण ठेवली नाही. तिला काडी कशाला, वाचणारा मी आहे. खिशात घातली. बायकांना म्हटलं, "चालू द्या तुमचं."

बाहेर येऊन बघतो तर मांडवावर कावळा. दोन केळी उचलून नेली होती आणि तिसऱ्याला चोच मारत होता. मी काठी घेतली आणि त्याला हाकललं. टोचलेलं केळं बाजूला काढलं. बाकीची एकेक करून उलटली.